नारळ ठेवला, केस मिटली?

घाटकोपरच्या बसरांगेत निवृत्त शिक्षिका इंदुमतीबाईंच्या पुढे एक बाई आणि तिचे दूरचे दीर उभे होते; त्यांचं बोलणं इंदुमतीबाईंना स्पष्ट ऐकू येत होतं.

"नलिनीवहिनी, माझ्या निलेशने गावमंडळात नारळ ठेवून माफी मागितली ना? आता केस मागे घ्या."

"नारळ ठेवला की पोक्सो मिटतो? कुठल्या देवळातला हा कायदा, भावजी?"

"तुमची श्रुतिका स्वतःहून गेली होती."

"चौदा वर्षांची आहे ती. तिच्या होकाराला कायद्यात काडीची किंमत नाही."

"मग लग्न लावून देऊ."

"वा! म्हणजे आणखी एक गुन्हा. बापलेक एकाच कोठडीत बसा."

"पोरगा आत सडेल हो!"

"खटला सरकार चालवतंय. तो मागे घेणं माझ्या हातात नाही. असतं, तरी घेतला नसता."

बस आली. भावजी नलिनीला ढकलून आधी चढले.

"उतरा खाली," नलिनी म्हणाली. "पुढच्या थांब्यावर माझी पोर चढते."