गोदाबाईंचा तुंबा

अध्यक्षपदाचा मान ज्यांनी मोठ्या मनाने स्वीकारला ते शेठ चंद्रभानजी, व्यासपीठावरचे सन्माननीय तहसीलदारसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमच्या अजबखान्याचे चिटणीस खुशालराव देशमुख, उजव्या हाताला बसलेल्या मायबहिणी, आणि अकोला, मूर्तिजापूर, चांदूर बाजार इथून एवढ्या उन्हात अमरावतीला आलेले सद्गृहस्थहो,

माझ्यासारख्या शाळामास्तराला इथं बोलायची संधी दिलीत, याबद्दल आभार. चार शब्द मी काल लिहून काढले होते. तो कागद माझ्या खिशात आहे. पण आत्ता तहसीलदारसाहेबांनी कापूस खात्याच्या गोऱ्या साहेबांनी खुशालरावांना लिहिलेलं जे प्रशंसापत्र वाचून दाखवलं, ते ऐकल्यावर कागद खिशातच राहू द्यावा असं वाटतं.

खुशालरावांचं कर्तृत्व मी नाकारत नाही. अमेरिकेतली लढाई चालू होती तेव्हा आपल्या कापसाला काय भाव होता, हे इथं कोणाला सांगायला हवं का? घराघरांतून जुनी लाकडी मापं, हातमागाचे धोटे, मातीचे रांजण बाहेर पडले आणि पितळ आत आलं. लढाई थांबली, भाव बसला, आणि चंद्रभानजींचं रुईचं गोदाम रिकामं पडलं. तेव्हा खुशालराव माझ्याकडे आले आणि म्हणाले, मास्तर, जुन्या वस्तू चुलीत जाण्याआधी एका छपराखाली आणू या. ही कल्पना त्यांची. चंद्रभानजींनी गोदामाच्या दोन खोल्या दिल्या. घरोघर फिरून वस्तू मागून आणणं आणि प्रत्येकीवर चिठ्ठी लिहून लावणं, हे काम माझ्याकडे आलं.

आणि यंदाचा चैत्र! पाडव्यापासून महिनाभर रोज सायंकाळी काही ना काही. दंडारवाल्यांनी सोंगं आणली, तहसीलदारसाहेबांची नक्कल केली, आणि सगळ्यांत मोठ्याने साहेबच हसले. कोष्ट्यांनी गोदामात माग उभा केला. जात्यावरच्या ओव्या ठेवल्या होत्या, त्या दिवशी मैनाबाई जात्यापाशी बसल्या आणि गाईनातच. विचारलं तर म्हणाल्या, रिकाम्या जात्यावर ओवी म्हणत नसतात. धावत जाऊन दोन पायल्या ज्वारी आणली, तेव्हा कुठे आवाज लागला. त्या पिठाच्या भाकरी तुम्हांपैकी पुष्कळांनी खाल्ल्या आहेत.

या महिन्यात सगळ्यांत जास्त माणसं कशापुढे थांबली, आठवतं ना? नांदगाव पेठेच्या गोदाबाईंच्या वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यापुढे.

तहसीलदारसाहेब परमुलखातले, म्हणून थोडं सांगतो. आपला जुना कापूस बनी. त्याचा धागा लांब, नरम. नवा कापूस जरी. त्याचा धागा आखूड, पण बोंडं भरपूर. तेजीच्या दिवसांत गाडी भरण्याशी गाठ, म्हणून जो तो जरीकडे वळला. ज्यांनी बनी सोडली नाही, त्यांचाही कापूस बाजारातल्या सरकी काढायच्या चरख्यांवर गेला आणि तिथं सगळ्यांची सरकी एकमेकींत मिसळली. गोदाबाईंनी मात्र बियाण्यापुरता कापूस कधी दाराबाहेर नेला नाही. वेचणीतली पहिली बोंडं बाजूला काढायची, घरच्या चरखीवर सरकी वेगळी करायची, राखेत घोळून तुंब्यात भरायची, तोंड शेणमातीने लिंपायचं आणि तुंबा चुलीवरच्या आढ्याला टांगायचा. मृगाच्या तोंडावर घरातल्या बाईने तो फोडायचा. सासूची सासू करीत होती, तसंच.

तो तुंबा मागायला मी गेलो होतो. बाई देईनात. खुशालराव मला म्हणाले होते, "मास्तर, तुमचा शब्द ती मानते. तुम्हीच जा." मी शब्द दिला. महिनाभराने तुंबा जसाच्या तसा घरी येईल. तेव्हा बाईंनी तो आढ्यावरून उतरवला आणि मला म्हणाल्या, "तोंड मीच उघडीन, मास्तर. दुसऱ्याचा हात लागला नाई पायजे." चिठ्ठीवर मी माझ्या हाताने लिहिलं: गोदाबाई, नांदगाव पेठ. बनीचे बियाणे. तोंड उघडू नये.

चैत्र सरला. वस्तू परत करायला मी गोदामात गेलो, तर तुंब्याचं तोंड मोकळं आणि आत काही नाही. खुशालराव म्हणाले, कीड लागली होती, भुंगे बाहेर पडायला लागले म्हणून सरकी फेकून द्यावी लागली. त्यांच्या डोळ्यांत मला खेद दिसला. निदान मला तरी तो खेदच वाटला.

मी तुंबा घेऊन नांदगाव पेठेला गेलो. बाईंनी आत हात घातला, बाहेर काढला, बोटं पाहिली. मग विचारलं, "राखेतल्या सरकीले कीड लागते काय, मास्तर? माह्या सासूच्या हयातीत लागली नाई." सभ्य गृहस्थहो, मी त्यांना काय उत्तर दिलं असेल? मी रागावलो. म्हटलं, खुशालराव मोठ्या घरचे आहेत, मूठभर सरकीसाठी खोटं बोलणारे नाहीत. बाईंनी तुंबा उचलून आत नेला. परत येताना माझ्या मित्राची बाजू घेतल्याचं मला समाधान होतं, हे आज कबूल करतो.

आता ते पत्र. तहसीलदारसाहेबांनी सुरेख वाचलं, माझ्याच्याने तसं जमणार नाही. पण एक वाक्य माझ्या कानांत राहिलं आहे. "आपल्या शेतात चार पिढ्या राखलेले शुद्ध बनीचे बियाणे आपण चैत्रमासी बंद तुंब्यातून माझ्या बंगल्यावर स्वतः आणून दिले, ते विलायतेस रवाना केले आहे." त्याच सेवेची कदर म्हणून मुंबईच्या नोकरीच्या जागेची शिफारस. आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात सवयीने वाजले.

गोऱ्या साहेबांवर माझा राग नाही. त्यांनी मागितलं नव्हतं, पत्रातच तसं आहे. ज्याने आणून दिलं त्याच्यावर त्यांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला होता. खुशालराव, तुम्ही नुसतं मला विचारलं असतंत, तर मी बाईंकडे गेलो असतो. बाईंनी कदाचित अर्धी सरकी दिलीही असती. मुंबईची जागा तेवढ्यावरही मिळाली असती. पण मग चिठ्ठीवरचं नाव बदलता आलं नसतं.

तुम्ही मान खाली घालू नका. मी फार वेळ घेणार नाही. चंद्रभानजींची घड्याळाकडे नजर गेलेली मी पाहिली.

अजबखान्याच्या समितीच्या वतीने एक निवेदन आहे. समितीला ते अजून ठाऊक नाही, यासाठी अध्यक्षमहाराजांची क्षमा मागतो. अजबखान्यात माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेल्या एकशे बारा वस्तू अजून आहेत. उद्या सकाळपासून मी त्या एकेक करून ज्याच्या त्याच्या दारी नेऊन देणार आहे. पुढच्या चैत्रात लोकांना पुन्हा द्याव्याशा वाटल्या, तर देतील. मागायला जायचं तोंड मला उरलेलं नाही.

ज्यांनी गोदाम दिलं ते चंद्रभानजी, दंडारवाले, कोष्टी, मैनाबाई आणि त्यांच्या सोबतिणी, सतरंज्या घालणारे सहदेव, आणि इतका वेळ शांतपणे ऐकणारे आपण सर्व, यांचा मी ऋणी आहे. निरोपाच्या प्रसंगी बोलू नये ते बोललो असेन, तर मोठ्यांनी ते पोटात घालावं.

जाता जाता एक निरोपाची भेट पोचवायची राहिली. शाल आणि नारळ समितीकडून मिळतीलच. ही गोदाबाईंकडून आहे. त्या तिकडे खांबापाशी बसल्या आहेत. मघाशी दारात त्यांनी हा तुंबा माझ्या हाती दिला आणि सांगितलं, "खुशालरावले द्या. आपल्यात रिकामं भांडं कोनाच्या हाती देत नसतात, म्हनून भरून आनला." पत्र तेव्हा वाचलं गेलं नव्हतं. त्यांना ते वाचून दाखवायची गरजही नव्हती, हे मला आता कळतं. मी आत पाहिलं, सरकी होती. मी आनंदून विचारलं, बाई, बनी उरली होती वाटतं घरात?

"जरी हाये," त्या म्हणाल्या. "मृग आठ दिवसांवर आला. यंदा आमी बी हेच पेरतो."

खुशालराव, उठा, दोन्ही हातांनी घ्या. मुंबईत कोणी तुमच्या शेतातलं बियाणं पाहायला मागितलं, तर हे दाखवा.