आलो होतो माझ्या पायासाठी

हॅलो? … हां, मीच. बाबांचा फोन माझ्याकडे आहे… अगं हो, कोपऱ्यात रेंज जाते इथे, म्हणून सारखा कट होत होता. आता खिडकीत आलेय. बोल.

…दवाखान्यात. आपल्या त्या छोट्या सरकारी दवाखान्यात, इमर्जन्सीच्या खोलीबाहेर. … ओरडू नकोस! माझा पाय मुरगळलाय. बाकी मी ठणठणीत आहे.

…माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढले… हो, तेच डुगडुगणारं. … हो, तू सांगितलं होतंस. … हो गं बाई, देते फेकून. आधी ऐकशील का?

…पाय सुजून टम्म झालाय. नाही, अजून कोणी बघितला नाही. एक्स-रेवाले जेवायला गेलेत आणि…

…बाबांना? बाबांना कशाला देऊ? … आत आहेत ते.

…आत म्हणजे आत. पलंगावर.

चिमे, तू आधी खाली बस. बसलीस? … खोटं बोलू नकोस, चपला वाजतायत तुझ्या. बस म्हणते ना.

बाबांना… हार्टचा त्रास झालाय. … आहेत, आहेत, शुद्धीत आहेत. बोलतायत, नको तितकं बोलतायत. अगं ऐक ना… तू रडायला लागलीस तर मलाही… ऐक.

मला पाठुंगळीला घेऊन जिना उतरले. … मी नकोच म्हटलं होतं! शेजाऱ्यांना हाक मारा म्हटलं. तर म्हणे, "बायको माझी, मीच उचलणार." या वयात हौस बघ. इथे आलो, मला व्हीलचेअरवर बसवलं, आणि यांचं सुरू, "सिस्टर, हिच्या वजनाने माझा हात भरून आलाय, हिला आधी डाएट लिहून द्या." … हो ना, चारचौघांत! मी असले डोळे वटारले. पण सिस्टर हसल्याच नाहीत. म्हणाल्या, "कुठला हात, काका?" … डावा. "छातीत काही?" म्हणे, जरा जड वाटतंय, गॅस असेल.

…हो ना, गॅस! दोन पावलं चालले तरी घाम फुटत होता. झालं, मी व्हीलचेअरवरून खाली आणि हे वर. … अगं खरंच! सिस्टर म्हणाल्या, काकू, उठता येईल? मी एका पायावर टुणकन उभी. दुखतंय की नाही ते कळलंच नाही.

मग छातीला त्या वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरबाई धावत आल्या. तुझ्यापेक्षा लहान दिसते पोरगी, पण शांत. मला बाजूला घेऊन सांगितलं, हृदयाच्या नळीत गुठळी अडकलीय, ती विरघळवायचं इंजेक्शन लगेच इथेच द्यायचं आणि मग मोठ्या दवाखान्यात हलवायचं. … आणि तुझे वडील काय म्हणाले माहितीये? "आधी हिचा पाय बघा, नंबर हिचा होता." … हसू नकोस. मी लंगडत आत गेले आणि असं झापलंय त्यांना की डॉक्टरबाई बघतच राहिली. मग मुकाट्याने हात पुढे केला.

…दिलं, दिलं इंजेक्शन. आता वाट बघायची. दुखणं उतरलं आणि पुढची पट्टी सुधारली, की गुठळी सुटली. … नाही सुटली तर? … मी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

…छे, मी कशाला घाबरते. … हो. घाबरलेय. खूप घाबरलेय चिमे. फोन दोन्ही हातांनी धरलाय. त्या माणसाशिवाय घर कसं असतं, तेच मला माहीत नाही गं.

…निघ, पण गाडी तू चालवू नकोस. जावईबापूंना चालवू दे. … कामावर असतील तर येईपर्यंत थांब. माझ्यासाठी थांब. आणि सरळ मोठ्या दवाखान्यात या, इकडे नको.

…थांब, सिस्टर बोलावतायत. … आले, आले! … कट करू नकोस हां. … काय झालं, सिस्टर? … नको, येते मी, भिंतीला धरून येते.

…हो डॉक्टर. … म्हणजे? … नीट सांगा हो, मला त्या पट्टीवरच्या रेषांमधलं कळत नाही. … खाली बसली म्हणजे चांगलं ना? … चांगलं?

चिमे! आहेस ना? रेष खाली बसली! छातीतलं दुखणंही उतरलंय. गुठळी सुटलेली दिसते म्हणाल्या. … नाही, अजून जपायचंय, तिकडे पुढच्या तपासण्या आहेत. पण डॉक्टरबाई हसली गं. आल्यापासून आत्ता हसली. … रड, आता खुशाल रड. मी पण… थांब, रुमाल कुठे गेला माझा.

…ॲम्ब्युलन्स लागलीय दारात. मी पण जाणार, मला कोण अडवतंय? … माझा पाय ना, सिस्टर बांधतायत बघ, मी बोलतेय तोवर. … आई गं! जरा हळू, सिस्टर.

…काय हो? … चिमी आहे. … नाही, तुम्ही बोलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय ना?

चिमे, फोन मागतायत. अगं, फोन उचलला की "आईला देतो" म्हणून मोकळा होणारा माणूस, आज स्वतः हात पुढे करतोय! … नाही, ते नाही बोलणार, तू बोल. मी त्यांच्या कानाला लावते. … काय बोलू म्हणजे? तोंडाला येईल ते बोल.

…

अहो, मान हलवलेली तिला दिसणार आहे का?

…

हसतायत गं! चिमे, हसतायत बाबा!

…

अहो… अहो, असं काय. थांबा, हात नका हलवू, सुई आहे. मी पुसते डोळे.

हॅलो? … काय बोललीस गं त्यांना? … नको, नको. सांगू नकोस. तुम्हा दोघांचंच असू दे ते. … निघालो आम्ही. ठेवते.