ठिगळाची तक्रार नाही

...आणि गॅरंटीचं तर मला विचारूच नका. बसा, त्या स्टुलावर बसा, डुगडुगतंय पण पाडत नाही कुणाला, तुमच्या बॅगेला अर्धा तास तरी लागेल, कोपरा पार गेलाय, काय विटा वाहता की काय हिच्यातून? ठिगळ लावावं लागेल. लावतो की. पण आल्या आल्या माणसाने "किती वर्षं टिकेल" विचारायचं म्हणजे काय... टिकतं हो ठिगळ. तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं या एवढ्याशा दुकानात कातडं शिवतोय, बुटांचे तळवे, सुटकेसच्या मुठी, पर्सचे बंद, आजवर एक गिऱ्हाईक ठिगळ उसवलं म्हणून परत आलेलं नाही. ठिगळाची तक्रार नाही. कधीच नसते. तक्रार भलतीच असते, आणि ती घेऊन कुणाच्या दारात जायचं तेच कळत नाही.

आमच्या हिचंच घ्या ना. ही म्हणजे बायको. तिच्या काळजाची एक झडप बिघडली. दोन पायऱ्या चढली की कठडा धरून उभी, आणि वर मलाच म्हणणार, "तुम्ही दमलात म्हणून थांबले." नेलं तिला काळजाच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, झडप बदलावी लागेल, दोन प्रकारच्या मिळतात. एक धातूबितूची, जन्माला पुरते, पण रक्त पातळ करायची गोळी रोज घ्यायची, मरेपर्यंत, आणि शांत बसलं की आतून टिकटिक ऐकू येते. आणि दुसरी, म्हणाले, जनावरापासून केलेली. गुरांच्या काळजाभोवती पातळशी पिशवी असते, तिचे तुकडे कापून शिवतात. बारा ते पंधरा वर्षं टिकते.

आता मला सांगा, हे बोलायचं कुणासमोर? मी खुर्चीत पुढे सरकलोच. म्हटलं, "कमावता कशात?" डॉक्टर म्हणाले, "काय?" म्हटलं, "कच्चं तर घालत नसाल ना, कुजेल ते आठवड्यात, कमावलं पाहिजे." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, एक रसायन असतं, त्यात बुडवून ठेवतात, मग ते सडत नाही आणि चिवट होतं. नाव सांगितलं त्यांनी. तुम्हाला सांगतो, ते नाव मला पाठ होतं! आमच्या कातडंवाल्याच्या पिंपावर तेच लिहिलेलं असतं. मी म्हटलं, "अहो, मग तुम्ही आमच्याच धंद्यातले निघालात की." ही खालून माझ्या पायावर पाय देतेय, "अहो, ते डॉक्टर आहेत, गिऱ्हाईक नाही तुमचं," पण माझं कुठे लक्ष.

मग त्यांनी कपाटातून नमुन्याची झडप काढून हातात दिली. अंगठीपेक्षा जरा मोठं कडं आणि आत तीन पाकळ्या, इतक्या पातळ की पलीकडची खिडकी दिसावी. मी खिशातलं भिंग काढलं आणि टाके बघितले. हाताचे टाके हो! मशीनचे नाहीत. कुणीतरी कुठेतरी टेबलाशी वाकून, डोळे फोडून, एकेक टाका घातलेला, एक लहान नाही, एक मोठा नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, हीच घाला. लोखंडावर माझा भरवसा नाही, कातड्यावर आहे.

हिला विचारलं तर ही काय म्हणावी... "गाय की बैल?" डॉक्टर म्हणाले, "तसं काही सांगता येणार नाही." ही म्हणाली, "बैल असला तर बरा, कामाला नाही म्हणत नाही. आणि टिकटिक मला नकोच, घरात घड्याळ आहे आणि हे आहेत, तेवढं पुरे." लेकीचा फोन आला परगावाहून, "अगं आई, तू अंडंसुद्धा खात नाहीस, तुला चालेल का?" तर म्हणे, "खायचं कुठे आहे, शिवायचंच तर आहे."

शिवलं. पाच तास आत होती. बाहेरच्या बाकाचं रेक्झीन फाटलेलं होतं, मी पाच तास त्यातला स्पंज आत कोंबत बसलो. पण सुटली त्यातून. तिसऱ्या महिन्यात माझ्या पुढे जिना चढून गेली आणि वरून ओरडली, "आता का थांबलात?" घरी म्हणायची, "आता आपण तिघं." दुकानात डबा घेऊन यायची, इथेच, तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर बसायची, आणि मी कातड्यात आरी खुपसली की म्हणायची, "जरा हळू मारा हो, नात्यातलं निघायचं." हसायची आणि छातीवर हात ठेवायची. मी खरंच हळू मारायला लागलो. अजून हळूच मारतो, बघा.

तर ती गॅरंटी. माझी एक पद्धत आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या आत मी एक चिठ्ठी सरकवतो, पेन्सिलीने तारीख लिहून, म्हणजे पुढे कुणी भांडायला आलं तर निकाल लागतो. हिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यातही मी चिठ्ठी ठेवली. ऑपरेशनची तारीख, आणि खाली बारा वर्षांनंतरची. तिला सापडली ती. म्हणाली, "मला चिठ्ठी लावलीत?" म्हटलं, "तुला नाही गं, झडपेला." म्हणाली, "बरं," आणि परत ठेवून दिली. टाकली नाही.

आणि मी त्या बारा वर्षांचा इतका धसका घेतला म्हणता! सकाळी उठल्याउठल्या तिच्या पाठीला कान. ती म्हणायची, "सोडा, दूध उतू जातंय." जाऊ दे दूध, झडप महत्त्वाची. पायाला सूज? झडप बघा. खोकली? झडप बघा. दर सहा महिन्यांनी काळजाच्या डॉक्टरांकडे, काळजाची सोनोग्राफी, ते पडद्यावर दाखवायचे, त्या तीन पाकळ्या उघडतायत, मिटतायत, उघडतायत, मिटतायत... डॉक्टर म्हणायचे, "काका, झडप झकास आहे." मी फुलायचो, जणू मीच शिवली होती. आणि मग ते कागदावर सही करता करता हिच्याकडे बघून विचारायचे, "बाकी सगळं ठीक?" आणि मी म्हणायचो, "हो, हो, बाकी सगळं ठीक."

मी म्हणायचो. प्रश्न तिला, उत्तर माझं. तिने तोंड उघडलेलं असायचं हो, मला आठवतंय, एकदा तर "तसं जेवण..." इथपर्यंत आली होती, आणि मी म्हटलं, "चल, पुढचे लोक खोळंबलेत."

थांबा, हा दोरा मेणातून काढतो... हं. सहावं वर्ष असेल. एक दिवस ही मनगटी घड्याळ घेऊन आली. पट्टा सैल होतोय, एक भोक पाडून द्या. पट्टा मीच केलेला, वासराच्या कातड्याचा, वीस वर्षं जुना. दिलं पाडून. दोन महिन्यांनी परत आली. म्हटलं, "ताणलाय पट्टा, कातडं आहे, ताणतं." पाडलं दुसरं. मग तिसरं. चौथ्याला तर मी चिडलो, तुम्हाला सांगतो, कातड्यावर चिडलो! म्हटलं, "कसला माल दिला होता त्या कातडंवाल्याने, नुसता ताणत सुटलाय, थांब, नवा पट्टा करून देतो." ती म्हणाली, "नको, हाच असू दे, भोक पाडा." मी तिचं मनगट हातात धरून चौथ्या भोकाची खूण केली. मनगट हातात धरून. पेन्सिलीने.

वीस वर्षांचं कातडं ताणत नाही. आखडतं. वाळतं, कडक होतं, आखडतं. हे कुणाला माहीत नसेल? तुम्हाला नसेल, तुमचं काम वेगळं. पण मला? चाळीस वर्षं? माझे वडील, हे दुकान त्यांचं, त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते एवढंच, की ठिगळ लावून झालं की ठिगळाकडे बघत बसू नकोस, ते तू लावलंयस, ते नवं आहे, ते धरणारच. शिवणीच्या शेजारी चार बोटं दाबून बघ. जुनं कातडं तिथून जातं. हे बघा, तुमच्या बॅगेचं आत्ता दाबलं ना मी, ते त्यासाठी. प्रत्येक बॅगेचं दाबतो. चपलेचं दाबतो. परक्या माणसाच्या फाटक्या सुटकेसचं दाबतो.

लेक आली सुट्टीला. दार उघडलं, आईकडे बघितलं आणि पिशव्या हातातून खालीच सोडल्या. म्हणाली, "बाबा, आई केवढीशी झालीये?" मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "झडप झकास आहे." तिने माझ्याकडे असं बघितलं... जाऊ दे. दुसऱ्या दिवशी तिने नेलं पोटाच्या डॉक्टरांकडे. तिथे "बाकी सगळं ठीक?" कुणी विचारलंच नाही, तिथे विचारलं, "केव्हापासून दुखतंय?" आणि लेकीने मला आधीच बाहेर बसवलेलं, त्यामुळे हिला बोलता आलं. वीस मिनिटं बोलत होती. काचेतून दिसत होतं. माझ्याशी वर्षभरात सलग वीस मिनिटं ती पोटाबद्दल बोलली नव्हती, म्हणजे बोलायला मिळालीच नव्हती. पोटात गाठ. पसरलेली. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर. वर्षभर आधी आम्ही काळजाच्या डॉक्टरांकडे होतो, एकाच इमारतीत, एक मजला वर.

चार महिने. मी तिला विचारलं, अगं सांगितलं का नाहीस, नीट बसवून, ओरडून. म्हणाली, "तुम्ही झडपेच्या एवढ्या काळजीत होता, म्हटलं त्यात आणखी हे कुठे." आणि म्हणाली, "शिवाय तुम्ही इतके खूश होऊन यायचात तिथून." शेवटी शेवटी खाणं बंद, पाणी चमच्याने, सगळं शरीर थकलं, आणि ती तीन पाकळ्यांची बया, ती आत उघडतेय, मिटतेय, उघडतेय, मिटतेय, पाठीला कान लावला की साफ ऐकू यायचं, एक ठोका चुकत नव्हता. बैलच असणार. कामाला नाही म्हणाला नाही शेवटपर्यंत. सकाळी, मी दूध तापवत होतो तेव्हा गेली. माझंच उतू गेलं.

पंधरा दिवसांनी काळजाच्या डॉक्टरांना सांगायला गेलो. तारीख घेतलेली होती ना तिची, रद्द करायला नको? फोनवर झालं असतं, पण गेलो. ते उभे राहिले खुर्चीतून. खूप वाईट वाटलं त्यांना. जुने कागद काढून बघितले आणि हळूच म्हणाले, "काका, झडप उत्तम होती, अजून सहा वर्षं सहज गेली असती." समजूत घालत होते बिचारे. मी म्हटलं, "डॉक्टर, ठिगळाची तक्रार नाही." कुणावर रागवायचं सांगा. ज्याने शिवली त्याच्यावर? त्याचा एक टाका सुटला नाही. त्या जनावरावर? त्याने आपलं काम केलं, स्वतःचं करून वर हिचंही केलं. डॉक्टरांनी तर दर वेळी विचारलं होतं. पर्समधली चिठ्ठी तेवढी काढली मी. खालची तारीख अजून यायचीये. ही गॅरंटीतच गेली.

तो तिथे खिळ्याला लटकलाय ना, तो पट्टा. विकायचा नाही. गिऱ्हाईकं विचारतात, "चार भोकं जवळजवळ का पाडलीत?" मी सांगतो, पाडणाऱ्याला दिसत नव्हतं.

झालं, घ्या तुमची बॅग. ओढून बघा, ओढा जोर लावून, नाही निघणार. शेजारची बाजूही दाबलीये, या इथे जरा विरलंय, आतून एक पट्टी घातली, त्याचं काही देऊ नका. चिठ्ठी? चिठ्ठी आता ठेवत नाही. आणि घरी गेलात की कुणाचं घड्याळ सैल झालं असेल तर पट्ट्याला दोष द्यायच्या आधी मनगट बघा, एवढंच. या, सांभाळून, पायरी उंच आहे...

काय म्हणालात? बाकी सगळं ठीक ना?

हो, हो. बाकी सगळं ठीक. आता शेजारी बसून तोंड उघडणारं कुणी नाही, म्हणजे ठीकच म्हणायचं.