तोडलेला लिंब

लातूरच्या बसस्टँडवर दुपार पेंगुळली होती. सुकन्याही बाकावर डोळे मिटून बसली होती, पण पाठीमागच्या दोघींचं बोलणं तिला काही झोपू देईना. गौसिया नावाची बाई टोपलीतली अळिंबी शिरूरकडच्या केवळाबाईंना दाखवत होती.

“घरात पिकवतीस व्हय माय?”

“हाव मावशी. सोयाबीनचा भुसा गरम पाण्यात भिजवायचा, बी घालून पिशव्या भरायच्या अन् अंधाऱ्या खोलीत टांगायच्या. वीसेक दिवसांनी पिशवीला जणू कान फुटतेत.”

“माझ्या अंगणात तर न लावताच छत्र्या निघायल्यात. रोज उपटते, तरी सकाळी पुन्हा हजर. एका वळणानं, रांगेनं.”

“तिथं झाड होतं का?”

“लिंब होता. ह्यांनी लावलेला. हे गेले अन् लेकानं गाडी लावायला तोडला.”

“मग खाली मुळं हायेत अजून. मूळ जिकडं गेलं, तिकडं छत्री निघती.”

“असं व्हय? एक रांग हौदाकडं गेली बघ. एक गोठ्याकडं.”

सुकन्याची बस लागली. ती उठली नाही.

“अन् एक घरात यायलीय. परवा उंबऱ्यापाशी होती. काल माझ्या बाजेजवळ, फरशीच्या फटीतून निघाली.”

“या अल्ला! खाऊ नका बरं, विषारी असतेत. उपटून चुना टाका. अन् बाज सरकवा तिथून.”

“सरकवली की.”

“बरं केलं.”

“जरा आणखी जवळ घेतली.”