निळी खळ

वर्ध्याच्या दवाखान्यात माह्या मागच्या बाकावर म्हातारी जिजाबाई तिच्या शेजारणीची समजूत घालून राह्यली होती.

“रडू नको, ताने. पोरीनं खोके चिकटवाची खळच तं चाटली, कणकेचीच असते ते. माह्या सासूनं घमेलंभर खाल्लती. आठ दिवस तोंड चिकटलं, गावानं साखर वाटली!”

“उंदरं पुठ्ठे खातात म्हून आज मालकानं खळीत मोरचूद टाकाले लावलं, मावशी.”

“जहर? अन् तू पोरीले सांगतलं नाई?”

“ध्यानातच नाई राह्यलं. भूक लागली का ते रोजच चाटते.”

“डाक्टर काय म्हणते?”

“आतमंदी तिचं पोट धुवून राह्यले.”

“अवं, रंग तरी दिसला असन तिले.”

“दिसला ना. इचारलं तिनं, माय, आज खळ निळी काऊन हाय?”

“मंग?”

“मी म्हटलं, चूप बस, हात चालव.”