अंगणातलं निळं चक्र

व्रतांचं निघालंय म्हणून सांगते. घाटंजीला असताना मी चैत्रगौरीसाठी महिनाभर रोज अंगणात सडा टाकून रांगोळीनं सूर्य-चंद्र रेखायचं व्रत धरलं होतं. समोरची सुमी पाहत बसायची. त्यांच्या घरी नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली.

"काकू, तांबडा गोल कोणता?"

"सूर्य."

"पांढरा?"

"चंद्र."

"अन् निळा?"

"निळा नसतो गं."

"काहून नसते? आमचं चक्र हाय ना!" म्हणत पोरीनं घरून कपड्यांची नीळ आणली आणि चंद्राशेजारी चक्र काढलं.

त्याच रात्री ती तापानं गेली.

सकाळी मी बादली उचलली, तर तिची माय समोर उभी. "वैनी, आज सडा नोका टाकू."

नाही टाकला. पुढंही तेवढी जागा सोडूनच टाकला. चक्र वाऱ्यानं नेलं, मी नाही पुसलं. गौर रागावली नसेल. बायांनो, तुमच्या अंगणात असं काही असेल, तर तेवढी जागा सोडा.