गंगीला पसंत पडलेलं रबर

चीनहून माल मागवायचा म्हणजे काय ताप असतो, ते आमच्या गंगीला विचारा. गंगी म्हणजे काटेवाडीच्या गोठ्यातली आमची गाय. बारामतीत माझी दूध काढायच्या मशीनची छोटी कंपनी. त्यातलं सडांना लागणारं रबर यंदा चीनहून आणायचं ठरलं. तिथल्या लिन मॅडमनी नमुना पाठवला, वर सर्टिफिकिटांची ही चळत.

आबा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, "गंगीला वाचता येत न्हाय. आधी तिला लावून बघ."

लावलं. लिन मॅडम व्हिडिओ कॉलवर बघत होत्या. गंगीनं अशी लाथ झाडली, की माझा मोबाईल थेट शेणात! आतनं मॅडमचा आवाज, "सर? हॅलो सर?"

आबा शेणावर वाकून मराठीतच ओरडले, "बाई, लई कडक हाय! मऊ धाडा!"

भाषांतराची गरजच पडली नाही. पुढच्या पार्सलातनं मऊ रबर आलं, गंगी निवांत रवंथ करत उभी राहिली आणि आम्ही ऑर्डर दिली.

परवा मॅडमचा मेसेज आला, "ब्राझीलचं नवं गिऱ्हाईक आहे. तुमची गाय उद्या कॉलवर येईल का?"

मी आबांकडं बघितलं.

"येईल की! फकस्त मोबाईल त्येंनी धाडावा म्हणावं."